घरात दोन राउटर आणि पत्त्यांची भांडणं: कुणी सोडवली आहेत का?

पडवीकर | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार. देवगडजवळ आमचं जुनं घर आहे. चिऱ्याच्या दीड फुटी भिंती, पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे स्वयंपाकघर आणि वर माडी. फायबरवाल्याने त्याचा डबा पडवीतच ठोकला, कारण तार तिथवर पुरली आणि त्याची जेवायची वेळ झाली. ओटीवर नेट पळतं, माजघरात रडतखडत, स्वयंपाकघरात शून्य. आई पडवीत येऊन पाककृती बघते आणि चुलीपाशी पोचेपर्यंत निम्मी विसरते.

म्हणून पुण्याच्या घरात पडून असलेला राउटर आणला, माळ्यावरून वीस मीटर केबल ओढली आणि माजघरात लावला. डब्याच्या लॅन भोकातून (घरातली यंत्रं जोडायचं ते) निघालेली केबल याच्या लॅन भोकात. अर्धा तास स्वर्ग. मग एकेकाचं नेट जायला लागलं. फोन म्हणतो वायफाय जोडलंय, पण इंटरनेट नाही. लॅपटॉपवर ‘आयपी ॲड्रेस कॉन्फ्लिक्ट’ अशी पाटी, म्हणजे दोन यंत्रांचा पत्ता एकच. सगळ्यात विचित्र म्हणजे ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ टाकला की कधी फायबरवाल्याचं पान उघडतं, कधी पुण्याच्या राउटरचं. बाबांचा टीव्ही बरोबर मालिकेच्या वेळी रुसतो, आणि त्याचा आळ माझ्यावर.

दहा दिवसांवर गणपती. अठरा चाकरमानी येणार, म्हणजे किमान पंचवीस फोन. काय करू?

---

मिसळ_शनिवारी | सोमवार, रात्री १०:२०

पाच दिवस वायफाय बंद ठेवा. माणसं एकमेकांशी बोलतील. (हलकेच घ्या.)

---

पडवीकर | सोमवार, रात्री १०:२४

बोलतील म्हणजे जमिनीच्या वाटणीवरच बोलतील. वायफाय लागेलच.

---

तारवाला | सोमवार, रात्री ११:०५

पडवीकर, तुमच्याकडे एक नाही, दोन भांडणं एकाच वेळी चालू आहेत.

पहिलं सोपं. दोन्ही राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे. घरातल्या नेटवर्कमध्ये एखाद्या यंत्राला दुसरं शोधायचं असलं की ते सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून विचारतं, ‘१.१ कोण रे?’ ज्याचं उत्तर मिळेल त्याचा हार्डवेअर पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहून ठेवतं आणि पुढचा सगळा माल त्याच्याकडे पाठवतं. याला एआरपी म्हणतात, १९८२ सालापासूनची पद्धत. पडवीतल्याने उत्तर दिलं तर तुमचं नेट चालतं. माजघरातल्याने दिलं तर माल अशा दारात जातो ज्याच्या मागे रस्ताच नाही. पान आलटून पालटून उघडतंय ते यामुळेच.

दुसरं भांडण डीएचसीपीचं, म्हणजे यंत्रांना आपोआप पत्ते वाटायच्या सोयीचं. लग्नाच्या कार्यालयात पाहुण्यांना खोल्या वाटायला एक मामा बसवतात. तुम्ही दोन मामा बसवलेत, दोघांच्या हातात खोल्यांची तीच यादी, आणि एकाने कुणाला काय दिलं ते दुसऱ्याला माहीत नाही. बाबांचा टीव्ही झोपलेला असताना त्याची खोली दुसऱ्या मामाने तुमच्या लॅपटॉपला दिली. टीव्ही जागा झाला की दारात हमरीतुमरी.

तेव्हा घरात मामा एकच, पडवीतला. माजघरातल्या राउटरने फक्त वायफाय पसरवायचं.

आता हे करा. मधली केबल काढा. लॅपटॉप फक्त पुण्याच्या राउटरला तारेने जोडा. आत जाऊन आधी त्याचा लॅनचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. राउटर बंद होऊन चालू होईल. नव्या पत्त्यावर परत आत शिरा आणि मग डीएचसीपी बंद करा. हा क्रम उलटा करू नका. डीएचसीपी आधी बंद केलात तर पुढच्या वेळी लॅपटॉपला पत्ताच मिळणार नाही, तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा काहीतरी पत्ता घेऊन बसेल आणि तुम्ही राउटरच्या पाठीत काडी खुपसून रीसेट करत बसाल. हे दोन्ही झालं की केबल परत लॅनमधून लॅनमध्ये. वेगळ्या रंगाचं वॅन भोक (बाहेरचं इंटरनेट आत घ्यायचं ते) रिकामं ठेवा.

दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड तोच ठेवलात तर फोन चालता चालता स्वतः बदलतील. २.४ गिगाहर्ट्‌झवर एकाला चॅनल १, दुसऱ्याला ६ किंवा ११.

---

शंकासुर | सोमवार, रात्री ११:३१

तारवाला, छान समजावलंत. पण पडवीतला मामा २ पासून २५४ पर्यंत सगळ्याच खोल्या वाटत असेल तर? उद्या तो १.२ एखाद्या फोनला देऊन मोकळा होईल.

---

तारवाला | सोमवार, रात्री ११:४०

शंकासुर, बरोबर पकडलंत, लिहायचं राहिलं. पडवीतल्या डब्यात यादी १०० ते १९९ करून घ्या. शंभर पत्ते पंचवीस फोनांना रग्गड झाले. १०० च्या खालचे सगळे हाताने द्यायला मोकळे: राउटर, प्रिंटर वगैरे.

---

अर्धवटराव | मंगळवार, सकाळी ७:१५

एवढा खटाटोप कशाला? मेशचे (आपसात बोलून घरभर एकच वायफाय पसरवणारे) तीन डबे घ्या, ॲप उघडा, हिरवा दिवा लागला की चहा प्या. २०२६ मध्ये डीएचसीपी बंद कसला करताय?

---

तारवाला | मंगळवार, सकाळी ८:०२

अहो, मेशचे डबे आपसात वायफायनेच बोलतात. ज्या चिऱ्याच्या भिंतीतून फोन बोलत नाही, तिच्यातून डबा काय बोलणार? शेवटी त्यालाही केबलच लावावी लागते, आणि केबल यांनी आधीच ओढली आहे. शिवाय फायबरवाल्याचा डबा काढता येत नाही, म्हणजे मेश लावलं तरी घरात दोन राउटर झालेच. भांडण तेच, फक्त डबे महाग.

---

अर्धवटराव | मंगळवार, सकाळी ८:१०

मेशला ब्रिज मोड असतो.

---

तारवाला | मंगळवार, सकाळी ८:१३

असतो. म्हणजे डीएचसीपी बंद. ॲपमधलं गोंडस बटण दाबून.

---

वरचा_मजला | मंगळवार, सकाळी ९:४८

माझं मत जरा वेगळं आहे. मी दुसऱ्या राउटरचं वॅन भोकच वापरतो. पहिल्याचं लॅन, दुसऱ्याचं वॅन. डीएचसीपी दोन्हीकडे चालू. फक्त पट्ट्या (पत्त्यातले पहिले तीन आकडे) वेगळ्या: पहिल्याची १९२.१६८.१, दुसऱ्याची १९२.१६८.१०. दोन वेगळी कार्यालयं, दोन वेगळे मामा, भांडणाचा प्रश्नच नाही. ठाण्याला आमच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत, त्यांना दुसरा राउटर दिलाय. त्यांचं त्यांच्याकडे, आमचं आमच्याकडे. चार वर्षांत एकदाही हात लावावा लागलेला नाही.

पट्टी मात्र बदलायलाच हवी. वॅनकडे १९२.१६८.१ आणि लॅनकडेही तीच असेल तर बिचाऱ्या राउटरला कळत नाही की माल घरात ठेवायचा की बाहेर पाठवायचा. काही राउटर हे ओळखून आपली पट्टी आपणच बदलतात, आणि मग आपण जुन्या पत्त्यावर पान उघडत बसतो.

---

काथ्याकूट | मंगळवार, सकाळी १०:३०

वरचा_मजला, तुमची रचना चालते, पण ‘त्यांचं त्यांच्याकडे, आमचं आमच्याकडे’ हे अर्धंच खरं आहे. तुम्ही पहिल्या राउटरवरून भाडेकरूंची यंत्रं बघू शकत नाही, कारण दुसऱ्या राउटरची भिंत मध्ये आहे. भाडेकरूंना मात्र तुमचा प्रिंटर, तुमचा टीव्ही, तुमच्या राउटरचं पान, सगळं बघता येतं. त्यांच्यासाठी तुमचं घर म्हणजे बाहेर जायचा रस्ता आहे, आणि रस्त्यावरच्या घरांची दारं दिसतातच. तुमच्या राउटरचा पासवर्ड अजून ‘ॲडमिन’ असेल तर बघायलाच नको.

---

वरचा_मजला | मंगळवार, सकाळी १०:५२

थांबा. आत्ता जाऊन बदलतो.

---

वरचा_मजला | मंगळवार, सकाळी ११:२०

बदलला. ‘ॲडमिन’च होता. चार वर्षं. आमचे भाडेकरू देवमाणूस आहेत किंवा त्यांनाही माझ्याइतकंच येतं.

काथ्याकूट, मग राउटर उलटे लावू का? ते पहिल्यावर, आम्ही दुसऱ्यावर?

---

काथ्याकूट | मंगळवार, सकाळी ११:३४

दोनच राउटर असतील तर हो, जपायचं ते आतल्या राउटरमागे. किंवा पहिल्या राउटरमधलं पाहुण्यांचं वायफाय चालू करून त्यांना ते द्या, बहुतेक राउटरमध्ये ती सोय असते. पडवीकरांना यातलं काही नको. त्यांच्याकडे घरचीच माणसं आहेत आणि आईच्या फोनवरून पडवीतल्या टीव्हीवर व्हिडिओ टाकायचा असेल तर सगळे एकाच पट्टीत हवेत. त्यांच्यासाठी तारवाला म्हणतात तेच बरं.

---

जर्सीची_सई | मंगळवार, संध्याकाळी ६:०७

माझा एक निराळा किस्सा. न्यू जर्सीत घरी एकच राउटर, तरी हेच भांडण! ऑफिसच्या व्हीपीएनला (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सोय) जोडलं की ऑफिसचा फाइल सर्व्हर दिसायचा नाही, बाकी सगळं चालायचं. आठवडाभर मी ऑफिसच्या आयटीवाल्यांशी भांडले. शेवटी कळलं की त्या सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.५० आणि आमच्या घरच्या प्रिंटरचाही तोच. लॅपटॉप म्हणायचा, अरे, हा तर शेजारच्या खोलीत आहे, आणि माझी कागदपत्रं प्रिंटरला विचारत बसायचा.

तेव्हापासून घरची पट्टी १९२.१६८.४७ केली आहे. ४७ का, तर कुणालाही सुचणार नाही म्हणून.

---

शंकासुर | मंगळवार, संध्याकाळी ६:२५

आता सगळ्यांना सुचणार. :)

पण मला मुळात एक कळत नाही. सगळ्या जगाने १९२.१६८ च का धरलंय? शंभर घरांत एकच पत्ता असताना इंटरनेट चालतं कसं?

---

काथ्याकूट | मंगळवार, संध्याकाळी ७:४०

अवांतर होतंय, पण विचारलंत म्हणून. जुन्या पद्धतीच्या पत्त्याला ३२ बिट असतात, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. माणसंच त्याहून जास्त आहेत, यंत्रं तर सोडाच. म्हणून फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ नावाच्या दस्तऐवजाने तीन पट्टे खाजगी वापराला सोडून दिले: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८ चे सगळे. हे पत्ते उंबऱ्याच्या आत वापरायचे, बाहेर त्यांना किंमत नाही. जसं प्रत्येक चाळीत खोली नंबर ५ असते, पोस्टमनला चाळीचं नाव लागतं. बाहेर जाताना राउटर आतला पत्ता पुसून स्वतःचा लिहितो.

राउटर बनवणाऱ्यांनी या तीन पट्ट्यांतले आपापले आवडते निवडले. टीपी-लिंक, डी-लिंकचे बरेच राउटर १९२.१६८.०.१, नेटगिअर १९२.१६८.१.१, जिओचा १९२.१६८.२९.१, शाओमीचा १९२.१६८.३१.१. नवा राउटर आणलात तर त्याच्या पोटाखालचं लेबल वाचा. निम्मी भांडणं तिथेच कळतात.

बाहेरचे पत्ते तरीही पुरले नाहीतच. मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला. आता कित्येक इंटरनेट कंपन्या तुमच्या राउटरलाही आतलाच पत्ता देतात, बऱ्याचदा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला. म्हणजे चाळीच्या आत चाळ. घरचा कॅमेरा बाहेरून थेट उघडत नाही त्याचं कारण बऱ्याचदा हेच.

---

आजोबा_डॉट_नेट | मंगळवार, रात्री ८:१९

धागा वाचून मीही राउटरचं पान उघडायला गेलो. १९२.१६८.१.१ बरोब्बर टाकलं, उघडेना. अर्ध्या तासाने नातवाने दाखवलं की कीबोर्ड मराठीवर आहे आणि मी आकडे देवनागरीत टाकतोय. आपण इथे मराठीत लिहितो हे छान, पण नवख्यांसाठी टीप टाका बुवा.

---

मिसळ_शनिवारी | मंगळवार, रात्री ८:२२

आजोबा, प्रतिसाद ऑफ द डे. मराठीला अभिजात दर्जा मिळाला, राउटरला कुणी कळवलं नाही.

---

वैतागलेली_वैदेही | मंगळवार, रात्री ९:०१

पत्ता पक्का करण्यावरून आठवलं. मी राउटरमध्ये मुलाच्या फोनचा पत्ता राखून ठेवला होता, रात्री दहानंतर त्याचं नेट बंद करायला. महिनाभराने बघते तर साहेब रात्री एक वाजता खेळतायत. हल्लीचे फोन प्रत्येक वायफायला खोटा हार्डवेअर पत्ता सांगतात. अँड्रॉइडमध्ये दहाव्या आवृत्तीपासून, आयफोनमध्ये आयओएस १४ पासून. त्याने वायफाय ‘विसरून’ नव्याने जोडायच्या वगैरे उद्योगात तो पत्ता बदलून घेतला होता. राउटरला वाटलं, पाहुणे आले. घरच्या वायफायपुरती ती सोय फोनमध्ये जाऊन बंद करता येते. मी केली, त्याने परत चालू केली. शेवटी रात्री फोन माझ्या उशीखाली.

---

तारवाला | मंगळवार, रात्री ९:१०

उशी हा सर्वात भरवशाचा फायरवॉल.

---

पडवीकर | गुरुवार, रात्री ९:३३

मंडळी, सगळं तारवाल्यांनी सांगितलं तसं केलं. यादी १०० ते १९९. पुण्याचा राउटर १.२, डीएचसीपी बंद, लॅन ते लॅन. नेट झकास! स्वयंपाकघरात तीन दांड्या. आईने काल चुलीसमोर उभं राहून व्हिडिओ बघत मोदकांची कळी पाडून बघितली. बाबांनी माझ्याशी बोलायला सुरुवात केली आहे.

पण एक कुसळ राहिलंय. पुण्याच्या राउटरचं पान १.२ वर कधी उघडतं, कधी नाही. आणि कालपासून बागेच्या कॅमेऱ्यांचं ॲप ‘ऑफलाइन’ दाखवतंय. कॅमेऱ्यांना मी हातही लावलेला नाही, देवाशपथ.

---

अर्धवटराव | गुरुवार, रात्री ९:४०

नेट चालतंय ना? मग सोडून द्या. चालत्या गाडीला खीळ घालू नये.

---

तारवाला | गुरुवार, रात्री ९:५८

सोडू नका, दोन दुखणी एकच आहेत असं मला वाटतं. एक काम करा. माजघरातल्या राउटरचा प्लग काढा, पूर्ण बंद. लॅपटॉप पडवीतल्या वायफायवर घ्या आणि १९२.१६८.१.२ ला पिंग करा, म्हणजे हाक मारून बघा. राउटर बंद आहे, तेव्हा उत्तर यायला नको. आलं तर सांगा.

---

पडवीकर | गुरुवार, रात्री १०:१४

आलं!!! राउटर माझ्या मांडीवर आहे, प्लग हातात आहे, आणि १.२ हाकेला ओ देतोय!

---

मालवणी_मसालो | गुरुवार, रात्री १०:१६

रे बाबा, तो देवचार आसा. आदी एक नारळ ठेव आणि गाऱ्हाणा घाल. ‘बा देवा म्हाराजा, आमचो आयपी आमका दी.’

---

मिसळ_शनिवारी | गुरुवार, रात्री १०:१७

होय म्हाराजा!

---

तारवाला | गुरुवार, रात्री १०:२५

नारळ राहू द्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एआरपी -ए’ टाका (आजोबांनी सांगितलंय, इंग्रजी कीबोर्डवर). १.२ समोर बारा अक्षरी हार्डवेअर पत्ता दिसेल. त्यातली पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असतात, नेटवर शोधली की नाव मिळतं. मी पैज लावतो, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) आहे.

---

पडवीकर | गुरुवार, रात्री १०:५१

पैज जिंकलात. डीव्हीआर जिन्याखाली, तांदळाच्या पिंपामागे. लावणाऱ्याने दोन वर्षांपूर्वी त्याला हाताने १.२ पत्ता देऊन ठेवला होता आणि आम्हाला सांगितलं नव्हतं. तो पत्ता मी राउटरला दिला, म्हणून दोघंही अडखळत होते.

पण मग दोन वर्षं कधी भांडण कसं झालं नाही? आधीची यादी २ पासूनच सुरू होत होती.

---

तारवाला | गुरुवार, रात्री ११:०३

कारण बरेच राउटर पत्ता देण्याआधी स्वतःच हाक मारून बघतात. ओ आली की तो पत्ता सोडून पुढचा देतात. तुमच्या डब्याने दोन वर्षं हे निमूट केलं. १.२ हाताने देताना तुम्ही हाक मारली नाहीत. आणि खरं तर मीच सांगायला हवं होतं, ती चूक माझी.

डीव्हीआरचा पत्ता बदला, ५० वगैरे करा.

---

पडवीकर | गुरुवार, रात्री ११:०९

डीव्हीआरचा पासवर्ड लावणाऱ्याकडे. तो फोन उचलत नाही, गणपतीच्या लायटिंगच्या कामात आहे. राउटरच हलवतो.

---

पडवीकर | शुक्रवार, सकाळी ८:४०

राउटर १.३ वर. तीनला आधी हाक मारून बघितली, कुणी नाही. पान उघडतंय, कॅमेरे परत आले. बागेत रात्री साळिंदर येऊन गेलं तेही दिसलं. देवघराशेजारच्या कालनिर्णयच्या मागे कागद चिकटवलाय: १ पडवी, २ डीव्हीआर, ३ माजघर, २० प्रिंटर. बाबा म्हणाले, कुळाचा वंशवृक्ष एवढा नीट लिहिला असतास तर बरं झालं असतं.

---

जर्सीची_सई | शुक्रवार, संध्याकाळी ५:५५

त्या कागदाचा फोटो काढून फोनमध्येही ठेवा. आमचा कागद फ्रिजवर होता, भाचीने त्यावर हत्ती काढला.

---

पडवीकर | पंधरा दिवसांनी, रविवार, दुपारी ३:२०

कळवायचं राहिलं. गणपतीत एका वेळी एकतीस यंत्रं जोडलेली मोजली. एकदाही बंद पडलं नाही. आरतीच्या वेळी सोडून, तेव्हा वीजच गेली.

आता काका म्हणतायत गोठ्यातही नेट पाहिजे, गाय व्यायला झाली आहे आणि त्यांना रात्री कॅमेऱ्यातून बघायचंय. तिसरा राउटर मिळालाय, केबल पुरतेय. याला काय पत्ता देऊ?

---

तारवाला | रविवार, दुपारी ३:४५

१.४. पण आधी हाक मारा.